अधिक-उणे अक्षर

शिवराज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांची कामे ठरवून देणारा कानूजाबता निघाला. सेनापतीने काय करावे, न्यायाधीशाने काय करावे, हे त्यात आहे. तसेच सचिवाचेही आहे. महालांचे हिशेब पाहणे हे सचिवाचे काम. त्याच्या बरोबरीने आणखी एक काम त्याला नेमून दिले आहे. राजपत्रे बारकाईने तपासावीत, एखादे अक्षर अधिक पडले असेल किंवा उणे राहिले असेल तर मजकूर शुद्ध करावा. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण गांडेकर यांच्याकडे आले, त्यांच्या घराण्यात राहिले आणि त्यातूनच भोर संस्थान उभे राहिले. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत इथले संस्थानिक ‘पंतसचिव’ म्हणूनच ओळखले जात. म्हणजे नसरापूरच्या आसपासच्या मुलखाने ज्या गादीपुढे मुजरा केला, त्या गादीचे नावच मुळी कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे होते.

पुढील पानांत प्राचीन यहुदी लेखनिकांची ओळख आहे. त्यांनी आपले धर्मग्रंथ कसे उतरवून घेतले आणि कसे नव्याने लिहिले, हा या पुस्तकाचा विषय. विषय दूरचा वाटेल, म्हणून या प्रस्तावनेत मी दाखले मुद्दाम आपल्या घरचे घेतले आहेत. हेतू सजावटीचा नाही. मराठी पोथ्यांची परंपरा जाणणाऱ्या वाचकाला मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्या समजायला सोप्या जातात, आणि त्या गुंडाळ्या पाहिल्यावर आपल्या पोथ्यांकडे पाहण्याची नजरही बदलते, असा माझा अनुभव आहे.

अधिक नको, उणे नको, ही अट यहुद्यांच्या शास्त्रातही आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मोशे इस्राएल लोकांना बजावतो की, मी देतो त्या आज्ञेत भर घालू नका, तिच्यातून काही काढू नका. पण हे बजावणारे पुस्तक स्वतःच जुन्या मजकुराची नवी मांडणी आहे. दहा आज्ञा ‘निर्गम’मध्ये एकदा येऊन गेलेल्या आहेत. ‘अनुवादा’त त्या पुन्हा येतात तेव्हा शब्बाथ पाळण्याचे कारण बदललेले असते. पहिल्या ठिकाणी कारण असे की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसऱ्या ठिकाणी कारण असे की तुम्ही मिसर देशात दास होता आणि देवाने तुम्हाला तिथून बाहेर काढले. तेव्हा तुमच्या दासदासींनाही त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे. दासाला सोडण्याच्या नियमाचेही तेच. ‘निर्गम’ सांगते की सातव्या वर्षी तो मोकळा. ‘अनुवाद’ सांगते की मोकळा करा, पण रिकाम्या हाताने पाठवू नका. कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले भरपूर देऊन पाठवा, आणि दासीलाही हाच न्याय लावा. हे लिहिणाऱ्याला जुना नियम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? तो ठाऊक होता म्हणूनच त्यात जिथे माणुसकी कमी पडली असे त्याला वाटले, नेमकी तिथे त्याने लेखणी लावली.

नक्कल करणारा एक आणि रचणारा दुसरा, अशी दोन माणसे आपण डोळ्यांपुढे आणतो. ही छापखान्यानंतर लागलेली सवय आहे. हस्तलिखितांच्या काळात हे दोन्ही उद्योग एकाच मठात, एकाच पंथात आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून होत. अक्षर राखणे आणि अक्षर वाढवणे, दोन्हींच्या मागे ग्रंथावरची निष्ठा एकच होती. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मला पूर्णपणे पटते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पैठणला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशाला सांगून पूर्ण झाली; ती उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या शेवटीच नोंदलेले आहे. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात फिरली. कुणी जुना शब्द कळेना म्हणून आपल्या काळचा शब्द घातला, कुणी समासातले टिपण ओवीत ओढून घेतले, कुणी भक्तीच्या भरात स्वतःचीच ओवी घातली. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, तसे शकासह नोंदवून ठेवले, आणि यापुढे जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, अशी ताकीद दिली. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ त्या दिवशी त्यांनी मिटवला.

आता याच नाथांचे दुसरे काम पाहा. भागवताच्या एकादश स्कंधाचे श्लोक चौदाशेच्या आत आहेत. नाथांनी त्यावर अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या आणि १५७३ मध्ये काशीत ग्रंथ पुरा केला. मूळ श्लोक जिथे एक पाऊल टाकतो तिथे नाथ अंगणभर फिरून येतात. पुढे भावार्थरामायणात तर ते वाल्मीकींची कथा आपल्या काळच्या माणसांसाठी नव्यानेच सांगतात. ते रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि नाथांनी देह ठेवला. पुढचा भाग त्यांच्या शिष्याने, गावबाने, लिहून पूर्ण केला. त्या वेळी कुणाला त्यात करवंटी दिसली नाही. एका ग्रंथात एक ओवी खपत नाही आणि दुसऱ्या ग्रंथाचे अर्धे कांड शिष्याने लिहिलेले चालते. यात विसंगती शोधत बसू नये. कोणता ग्रंथ आता मिटला आणि कोणता अजून उघडा आहे, याचा निवाडा लेखनिकाला करावा लागतो, आणि नाथांनी तो पूर्ण जाणिवेने केला.

मृत समुद्राच्या वायव्य काठावर कुमरान येथे १९४७ पासून अकरा गुहांत हस्तलिखिते सापडत गेली. नऊशेहून अधिक ग्रंथांचे अवशेष, बहुतेक चामड्यावर लिहिलेले, काही पपायरसवर, एक तर तांब्याच्या पत्र्यावर. त्यांत ‘अनुवादा’च्या तीसच्या आसपास प्रती आहेत. म्हणजे हे पुस्तक तिथे पुन्हा पुन्हा उतरवले जात होते. त्याच गुहांत आठ मीटरहून लांब अशी एक गुंडाळी मिळाली. अभ्यासक तिला मंदिर-गुंडाळी म्हणतात. तिच्यात ‘अनुवादा’तले नियम विषयवार जुळवून घेतले आहेत, आणि एक बदल सगळ्यांत मोठा आहे. मूळ पुस्तकात मोशे देवाबद्दल बोलतो. या गुंडाळीत पुष्कळ ठिकाणी देव स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. सर्वनाम बदलले आणि मधला निरोप्या गेला. ज्या मंडळींनी एकीकडे जुना पाठ सांभाळला, त्यांच्याच संग्रहात दुसरीकडे हे पुनर्लेखनही सांभाळलेले आहे.

खुद्द शास्त्रातही असे जोड आहेत. शमुवेल आणि राजे या पुस्तकांतला इतिहास ‘इतिहास’ याच नावाच्या पुस्तकाने पुन्हा सांगितला. त्याने दावीद आणि बथशेबा यांचे प्रकरण वगळले. दाविदाने शिरगणती केली आणि देशावर संकट आले, ही गोष्ट ठेवली. पण जुन्या पुस्तकात दाविदाला देवाच्या रागाने प्रवृत्त केले होते, नव्या पुस्तकात ते काम सैतानाकडे गेले. देव माणसाला पाप करायला लावील हे मधल्या काळात श्रद्धेला पटेनासे झाले होते. महत्त्वाचे हे की नवा ग्रंथ आल्यावर जुना कुणी फाडला नाही. दोन्ही एकाच शास्त्रात शेजारी शेजारी आहेत. यिर्मयाच्या पुस्तकाचे तर दोन आकार होते. ग्रीक भाषांतरात ते जवळजवळ अष्टमांशाने लहान आहे. पूर्वी वाटे की भाषांतरकाराने काटछाट केली असावी. कुमरानच्या एकाच गुहेत हिब्रूतले दोन्ही आकारांचे तुकडे निघाले, तेव्हा कळले की दोन पाठ एकाच छताखाली नांदत होते.

एका ग्रंथाचे अनेक पाठ नांदतात म्हणजे काय, हे मराठीत सांगायचे तर महानुभावांकडे जावे लागते. चक्रधरस्वामी गेल्यावर रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ते घरी बसून लिहिलेले पुस्तक नव्हते. स्वामींना भेटलेल्या माणसांकडे जाऊन, एकेक आठवण विचारून, पडताळून ते जमवले. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली असे पंथाची परंपरा सांगते, आणि ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी त्या आपापल्या आठवणीतून पुन्हा उभ्या केल्या. म्हणून त्यांचे पाठ एकसारखे नाहीत. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. एकाच प्रसंगाबद्दल दोघांची आठवण वेगळी पडली तर महानुभाव लेखनिक एक खोडून दुसरी ठेवत नाही. अमक्याने असे सांगितले, तमक्याच्या मते तसे, अशी नावानिशी नोंद तो मजकुरातच करतो. ग्रंथ राखण्यासाठी त्यांनी गुप्त लिप्याही घडवल्या. सकळ लिपीमुळे त्या पोथ्या शतकानुशतके पंथाबाहेरच्या माणसाला वाचता आल्या नाहीत.

यहुद्यांमध्ये हीच शिस्त मासोरा पंडितांची. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकात त्यांनी हिब्रू शास्त्राचा पाठ कायम केला. हिब्रूत मूळ लिहिली जातात ती व्यंजने; या पंडितांनी त्यांच्या खाली-वर स्वरांच्या खुणा दिल्या, शब्द मोजले, अक्षरे मोजली. कुठे लिहिलेला शब्द एक आणि वाचायचा शब्द दुसरा असेल, तर लिहिलेल्याला हात न लावता वाचायचा शब्द समासात दिला. त्यांतली एक जागा फार बोलकी आहे. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मूर्तिपूजा चालवणाऱ्या एका पुरोहिताची वंशावळ येते. ती सरळ मोशेपर्यंत पोहोचते. मोशेचा नातू मूर्तिपूजेचा पुजारी, हे लेखनिकांना सोसवेना. त्यांनी मोशेच्या नावात एक ‘नून’ अक्षर वाढवले, त्याने नाव ‘मनश्शे’ झाले आणि कलंक एका बदनाम राजाच्या नावाकडे वळला. पण ते अक्षर ओळीत बसवले नाही. ओळीच्या वर, अधांतरी लिहिले. वाचणाऱ्याला भर कळावी आणि खालचे नावही दिसावे. आजही छापील हिब्रू शास्त्रात ते अक्षर तसेच वर टांगलेले असते. अधिक अक्षर घालायचे, पण ते अधिक आहे हे लपवायचे नाही. लेखनिकाच्या प्रामाणिकपणाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

लिहिण्याच्या प्रत्यक्ष कामाबद्दल आपल्याकडे एक असामान्य साधन आहे आणि ते आपल्या वाटेवरचेच आहे. नसरापूरजवळ चेलाडीला महामार्ग सोडला की रस्ता वेल्ह्याकडे, राजगडाच्या पायथ्याकडे जातो. थोडे पुढे कापूरहोळहून भोरचा फाटा फुटतो आणि तो वरंधा घाटाने कोकणात उतरतो. घाटाखाली शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला ती जागा हीच, असे परंपरा मानते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही घळ १९३० मध्ये शोधून काढली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ एखाद्या दफ्तरदारासारखे बारीक बोलतात. पहिल्या अक्षराची जाडी आणि काळेपणा शेवटच्या अक्षरापर्यंत तोच राहावा. ओळीओळींतले अंतर सारखे असावे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला अडू नये. तरुणपणी हौसेने फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम काढावे. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. मग सुरी, कात्री, खळ, घोटणी, निरनिराळ्या लेखण्या, शाया, हिंगूळ. समासाची जागा कशासाठी, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजले. लिहिणारा आपल्या मरणानंतरचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून कागदाची कड सोडतो आहे.

कुमरानच्या लेखनिकाने हेच नियम चामड्यावर पाळले. टोकदार हत्याराने तो आधी रेघा ओढून घेई, स्तंभांच्या बाजूंना आणि खाली-वर जागा सोडी. अक्षर तो रेघेवर बसवत नसे, रेघेखाली लोंबते ठेवी. मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपली अक्षरेही शिरोरेषेखालीच लोंबतात, आणि मोडी लिहिणारा कारकून तर पानभर रेघ आधी ओढून घेऊन मग तिला अक्षरे लटकवत असे. चूक झाली तर आपल्या पोथीत हरताळाचा पिवळा लेप देत. कुमरानला नको असलेल्या अक्षराच्या वर-खाली ठिपके देत. राहिलेला शब्द दोघेही ओळीच्या वर किंवा समासात लिहीत.

यशयाच्या मोठ्या गुंडाळीत अशी एक दुरुस्ती अगदी डोळ्यांना दिसते. गुंडाळी सव्वासात मीटरहून थोडी लांब, चोपन्न स्तंभांची, आणि येशू ख्रिस्ताच्या जन्माआधी शंभरेक वर्षांची. चाळिसाव्या अध्यायात गवत वाळल्याचे आणि फूल कोमेजल्याचे शब्द लागोपाठ दोनदा येतात. लिहिणाऱ्याची नजर पहिल्या ठिकाणावरून दुसऱ्यावर घसरली आणि मधला मजकूर गळाला. ज्याने कधी पोथी उतरवली आहे त्याला ही चूक पाठ असेल. नंतरच्या एका हाताने गळलेले शब्द दोन ओळींच्या मधल्या फटीत लिहायला घेतले; जागा पुरेना म्हणून ते डाव्या समासात वळवून खाली उतरवले. अक्षर वेगळे, काळ वेगळा. पण समास सोडलेला होता म्हणून ते शब्द परत येऊ शकले. या पुस्तकातले त्या स्तंभाचे वर्णन सावकाश वाचावे.

यहुदी परंपरा आणि मराठी यांची भेट मी लावतो आहे असे मात्र नाही. ती कोकणात कधीच झाली. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची मातृभाषा मराठी. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर निघाली, १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात मात्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. आणि १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, आर्या, ओवी यांत बांधून मराठीत उभी राहिली. सिनगॉगमध्ये तोराची गुंडाळी एका अक्षराचाही फरक न करता वाचायची, कारण एक अक्षर चुकले तर ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. आणि बाहेर कीर्तनात तीच कथा हरिदासी थाटात खुलवायची. नाथांनी जे केले ते या तेल्यांच्या नातवंडांनी आपल्या शास्त्राबाबत केले. या कीर्तनांचा अभ्यास मराठीत फार थोडा झाला आहे आणि याची मला खंत आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचे काम याच पंक्तीतले. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मुळातून मराठीत आणले, आणि एप्रिल १९२२ मध्ये अक्षरशः मृत्यू येईपर्यंत त्या मुद्रिते तपासत होत्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी ते छापले गेले.

मग आजच्या संपादकाने काय करावे? वि. का. राजवाड्यांनी बीडच्या पाटांगणातील पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि नाथांच्या आधीचा पाठ म्हणून पुढे केली. ती पोथी आज उपलब्ध नाही, त्यामुळे वाद मिटवायला साधन उरलेले नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून १९०५ मध्ये दासबोध छापला; ती प्रत राहिली, म्हणून त्यांचे काम पुन्हा तपासता येते. भांडारकर संस्थेने महाभारतासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळली, १९६६ मध्ये काम पुरे केले आणि पाठातून वगळलेला प्रत्येक श्लोक तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवला. मला हीच रीत योग्य वाटते. जो श्लोक मागाहून आला, तोही कुणीतरी श्रद्धेने लिहिला आहे आणि शेकडो वर्षे कुणीतरी म्हटला आहे. त्याला मूळ म्हणू नये. त्याला कचराही म्हणू नये.

भोर-वेल्ह्याच्या जुन्या वाड्यांत, मठांत, कुलकर्ण्यांच्या घरांत अजून बासने आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांना या निमित्ताने विनंती. पानांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका, ऊन दाखवायचे म्हणून अंगणात पसरू नका. फडके सोडल्यावर पाने ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने आधी त्यांचे फोटो काढा, क्रम चुकीचा वाटला तरी. शेवटचे पान जपा. शक, गाव आणि लिहिणाऱ्याचे नाव बहुधा तिथेच असते, आणि पाठ, कंबर, मान मोडेपर्यंत लिहिले आहे, आता तुम्ही जपा, अशी त्याची कळकळीची विनवणीही. समासातले वेड्यावाकड्या अक्षरातले टिपण दिसले तर ते दुसऱ्या हाताचे म्हणून दुर्लक्षू नका. मग पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन जाणकाराला दाखवा. पोथी ज्ञानेश्वरीची असो, पांडवप्रतापाची असो की नुसत्या औषधांच्या नुस्ख्यांची. तो ग्रंथ छापून निघालेला आहे म्हणून तुमच्या प्रतीची किंमत कमी होत नाही. छापील प्रतीशी ताडून पाहा आणि जिथे अक्षर अधिक किंवा उणे आढळेल तिथे खूण करून ठेवा.